हश नावाची स्वारी

हिची ओळख करून द्यायची तर बोलावं लागणार, आणि हिला बोलण्याचंच वावडं. नाव ‘हश’. पाळण्यातलं पोर जागं होऊ नये म्हणून आपण ओठांवर बोट ठेवून ‘श्शू’ करतो ना, त्याचंच हे इंग्रजी रूप. वरवर पाहाल तर शांत, अदबशीर, काळ्या सुटातली, चेहऱ्यावर सतत हसू. पण एकदा घरात घेतलीत की रात्री पाणी प्यायला उठल्यावर स्वयंपाकघरातला दिवा आधी लावाल.

जन्म १४ डिसेंबर १९९९ चा, अमेरिकेतल्या ‘द डब्ल्यूबी’ या वाहिनीवरचा. घराणं ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’चं. १९९७ ते २००३ अशी सात पर्वं, एकूण १४४ भाग. ही स्वारी चौथ्या पर्वातली दहावी, एकंदरीत सहासष्टावी. गाव सनीडेल, कॅलिफोर्नियातलं, नकाशावर न सापडणारं. हे गाव नेमकं नरकाच्या तोंडावर वसलेलं असल्यामुळे पिशाच्चं, राक्षस आणि चेटकिणी यांची तिथे कायमची वर्दळ. त्यांचा बंदोबस्त करायचं काम बफी समर्स या मुलीच्या नशिबी आलेलं. बफी या पर्वात नुकती कॉलेजात गेली आहे. रात्री पिशाच्चांच्या छातीत लाकडी सुळा खुपसायचा आणि सकाळी डोळे चोळत मानसशास्त्राच्या तासाला बसायचं, असा तिचा दिनक्रम.

या घराण्याची ख्याती बोलण्याची. सनीडेलची पोरं मरणाच्या दारात उभी असली तरी एकमेकांवर कोट्या करायचं सोडत नाहीत. नामांची क्रियापदं करतील, विशेषणाला भलतंच शेपूट लावतील, वाक्य अर्ध्यावर मोडून दुसरीकडेच वळवतील. त्यांच्या या बोलीवर मायकेल ॲडम्स या अभ्यासकाने ‘स्लेयर स्लँग’ नावाचा आख्खा ग्रंथ लिहिला आणि तो २००३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापला. टीव्हीवरच्या कॉलेजकुमारांच्या बोलण्याचा एवढा मान क्वचितच झाला असेल. अशा वाचाळ घरात ही मुकी मुलगी जन्माला आली.

आली ती बापाच्या हट्टापायी. लेखक-दिग्दर्शक जॉस व्हेडन याच्या संवादांची सगळीकडे वाहवा होत होती, आणि त्याला वेगळीच टोचणी लागली होती. आपण आता फक्त बोलणारे चेहरे टिपतो, चित्रातून सांगायची सवय मोडत चालली आहे, असं त्याला वाटू लागलं. मग त्याने स्वतःच्या हातातली सगळ्यात चोख वस्तूच काढून ठेवली. सुमारे ४४ मिनिटांच्या या भागात बोलणं आहे ते जेमतेम १७ मिनिटांचं. उरलेल्या वेळात एकाही माणसाच्या तोंडून अक्षर फुटत नाही.

हिला याचा अभिमान आहे, आणि तो असावा. २००० साली एमी पुरस्कारांत नाट्यमालिकेच्या लेखनासाठी हिला नामांकन मिळालं. बफीच्या सात पर्वांत लेखनासाठी मिळालेलं हे एकुलतं एक नामांकन, आणि तेही जिच्यात संवाद सर्वांत कमी, तिला! पुरस्कार मात्र ‘द वेस्ट विंग’च्या एका भागाने नेला. त्या मालिकेत माणसं चालता चालता, दारं उघडता उघडता, श्वास न घेता बोलतात. मला अजूनही वाटतं की तो निकाल हिच्या बाजूने लागायला हवा होता. लेखन म्हणजे संवाद असं समजणाऱ्यांनी एकदा हिच्याकडे पाहावं. कुणी कुठे वळून पाहायचं, कुणाचा हात कुठे थबकायचा, कुठली वस्तू आधी दिसायची, हे सगळं लिहिल्याशिवाय होत नाही.

आता स्वभावाकडे येऊ. मुकी असली तरी ही सुरुवात गप्पांनी करते, आणि तीही मुद्दाम. पहिला पाव तास सगळे अखंड बोलत असतात. वर्गात प्राध्यापक मॅगी वॉल्श संवाद आणि भाषा या एकच गोष्टी नाहीत, असं शिकवत असतात. त्यानंतर ही स्वारी एकेकाच्या घरी डोकावून त्या वाक्याचा पुरावा गोळा करत फिरते. बफी आणि रायली फिन या दोघांचे ओठ एकमेकांजवळ येऊन ठेपतात, आणि तेवढ्यात दोघंही घाबरून बडबड सुरू करतात. लपवायला दोघांकडेही बरंच काही आहे. ती पिशाच्चमारी, आणि तो राक्षस पकडणाऱ्या गुप्त लष्करी तुकडीतला जवान. दोघांनी पुढच्या कार्यक्रमाच्या थापा मारायच्या आणि दोघांनी त्या खऱ्या मानायच्या. बफीचा मित्र झँडर याला त्याची मैत्रीण अन्या विचारते की तुला माझ्याबद्दल नेमकं वाटतं काय. झँडर इतके शब्द वापरतो की उत्तर त्यांच्यातच हरवतं. बफीचा मार्गदर्शक जाइल्स याच्या घरात स्पाइक नावाचं पिशाच्च आश्रयाला आहे, आणि तिथला वाद काय तर वीटाबिक्स कुणी संपवलं. स्पाइकला ते रक्तात चुरून खायला आवडतं, म्हणजे जरा दाताखाली काहीतरी येतं!

आणि विलो. तिच्याकडे थोडं थांबून बघायला हवं, कारण हिचा जीव तिच्यातच अडकलेला आहे.

विलो रोझेनबर्ग ही बफीची मैत्रीण. अभ्यासात हुशार, मनाने हळवी, आणि आता हळूहळू चेटूक शिकू लागलेली. कॉलेजात विक्का मंडळ आहे असं कळल्यावर ती मोठ्या आशेने तिथे जाते. विक्का हा विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये पुढे आलेला पंथ. चेटुकाविरुद्धचा १७३५ चा जुना कायदा तिथे १९५१ मध्ये रद्द झाला, आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर याने ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक काढून या पंथाची ओळख जगाला करून दिली. पुढे अमेरिकेत अनेक तरुणींनी चेटकीण हे नाव आपणहून, अभिमानाने घेतलं. आपल्याकडे हा शब्द अजून बाईच्या अंगावर दगडासारखा फेकला जातो, तेव्हा त्यांचं हे धाडस मला मोठंच वाटतं.

पण सनीडेलच्या या मंडळात चाललेलं काय असतं? केक विकून निधी कसा जमवायचा याची चर्चा. ऊर्जा, स्त्रीशक्ती, भगिनीभाव, आणि लगोलग लिंबाच्या केकची ऑर्डर. विलो भीतभीत विचारते, आपण मंत्रबिंत्र काही करू या का? सगळ्या हसतात. असल्या जुनाट कल्पनांमुळेच तर आपली बदनामी होते, असं तिला ऐकवलं जातं. कोपऱ्यात खाली मान घालून बसलेली एक मुलगी तेवढ्यात काहीतरी म्हणू पाहते. सगळ्या माना तिच्याकडे वळतात आणि तिची जीभ अडखळते. तोतरी आहे ती. वाक्य घशातच राहतं. तिचं नाव टेरा. ती आपल्याला पहिल्यांदा भेटते ती इथे.

त्या रात्री गावच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक लाकडी पेटी उघडते. झोपलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडातून पांढऱ्या धुरासारखं काहीतरी निघतं, खिडकीतून बाहेर पडतं, छपरांवरून वाहत जातं आणि पेटीत शिरतं. पेटी मिटते. सकाळी आख्ख्या गावाची वाचा गेलेली असते.

यानंतरची पाच-सात मिनिटं हिच्या निरीक्षणशक्तीची साक्ष देतात. आवाज गेल्यावर माणसं काय करतील? विलोला आधी वाटतं आपण बहिऱ्या झालो. रस्त्यावर दारूचं दुकान उघडं असतं. एक जमाव बायबल हातात धरून मूक प्रार्थना करत उभा असतो. आणि एका इसमाने भल्या पहाटे गळ्यात अडकवायच्या छोट्या पाट्या विकायला मांडलेल्या असतात, दहा डॉलरला एक. बफी आणि विलो त्या विकत घेतात. टीव्हीवर बातमी येते की सनीडेलमध्ये घसा बसण्याची साथ आली आहे, गावाची नाकेबंदी केली आहे. बाहेरच्या जगाने ही आपत्ती अशी एका ओळीत मिटवली. दुसऱ्याच्या गावची संकटं आपल्यापर्यंत अशीच पोचतात.

हिचा विनोद कुठल्या जातीचा आहे हे पाहायचं असेल तर लिफ्टचा प्रसंग पाहा. रायलीच्या गुप्त तळावर जायच्या लिफ्टला माणसाचा आवाज ओळखून उघडायची सोय आहे. रायली आणि त्याचा सोबती आत शिरतात, दार बंद होतं, आणि यंत्र विचारतं, आपला आवाज द्या. कुठून देणार? वेळ संपत येते, दोघं घामाघूम होतात. अखेर दार उघडतं तर समोर या तळाच्याही प्रमुख असलेल्या वॉल्शबाई उभ्या. त्या नुसतं बोट दाखवतात भिंतीवरच्या पाटीकडे: आणीबाणीत जिना वापरावा.

आणि तो वर्ग! जाइल्स हा मुळात ग्रंथपाल, इंग्लंडहून आलेला, वाक्य सुरू केलं की पूर्णविराम विसरणारा माणूस. आता त्याला मूग गिळून बसावं लागतंय, तर तो ओव्हरहेड प्रोजेक्टर काढतो. रिकाम्या व्याख्यानगृहात पोरांना बसवतो, टेप लावतो आणि स्वतः रंगवलेल्या पारदर्शिका एकेक करून पडद्यावर ठेवतो. पहिलीच उलटी पडते. चित्रं बालवाडीतल्या मुलाने काढावीत तशी, त्यात लाल रंग जरा जास्तच. टेपवर वाजत असतं सां-सान्सचं ‘दांस माकाब्र’, १८७४ मधलं, मृत्यूच्या नाचाचं संगीत. यात एक गंमत दडलेली आहे. हीच धून ‘जॉनथन क्रीक’ या ब्रिटिश रहस्यमालिकेचं शीर्षकसंगीत आहे, आणि जाइल्सचं काम करणारे अँथनी हेड त्या मालिकेच्या १९९७ मधल्या पहिल्या भागात जादूगाराच्या भूमिकेत होते.

त्या पारदर्शिकांवरून कळतं की गावात कोण आलं आहे. नाव ‘द जेंटलमेन’. आपण त्यांना सभ्य गृहस्थ म्हणू.

हिचा राग म्हणजे हे गृहस्थ. काही माणसं चिडली की आदळआपट करतात, ही चिडली की आणखी नम्र होते. चुन्यासारखे पांढरे, टक्कल पडलेले चेहरे, धातूच्या दातांचं कधीही न मावळणारं हसू, अंगात नीटनेटके काळे सूट. जमिनीपासून काही इंच वर, सरळ उभे, ते तरंगत येतात. पायांचा आवाज नाही, कारण पाय टेकतच नाहीत. सोबत त्यांचे नोकर, डोक्याला बँडेज, बाह्या लोंबलेल्या, माकडासारखे वेडेवाकडे धावणारे. नोकर माणसाला धरून ठेवतात आणि गृहस्थ शस्त्रक्रियेच्या सुरीने त्याचं काळीज काढतात. सात काळजं हवी असतात त्यांना. काम झालं की एकमेकांना मान लववतात, ‘आधी आपण’ अशा खुणा करतात, हलकेच टाळ्या वाजवतात. पहिला बळी वसतिगृहातला एक मुलगा. तो जिवाच्या आकांताने ओरडतो. आजूबाजूच्या खोल्यांत मुलं झोपलेली असतात, आणि कुणाच्याही कानावर काही पडत नाही. माझ्या मते अमेरिकन टीव्हीवर याहून भीतिदायक दृश्यं फार थोडी असतील, आणि यात रक्त मात्र फारसं दिसत नाही.

या गृहस्थांतला एक डग जोन्स. हा मूकाभिनयात तयार झालेला नट. पुढे ‘पॅन्स लॅबिरिन्थ’ आणि ‘द शेप ऑफ वॉटर’मध्ये मुखवट्याआडून त्याने जे काम केलं ते जगाने पाहिलं. त्याच्या जोडीला कॅम्डेन टॉय. दोघांच्या बोटांकडे नीट बघा. पियानो वाजवायच्या आधी वादक बोटं मोकळी करतो, तशी ती हलतात.

हिला मुकी म्हटलं, पण बहिरी म्हणून चालणार नाही. क्रिस्टोफ बेक याचं संगीत सबंध मौनभर चालू असतं. यानेच पुढे ‘फ्रोझन’ला पार्श्वसंगीत दिलं. शिवाय माणसं गप्प झाल्यामुळे एरवी न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात. काच फुटल्याचा, दार वाजल्याचा, धावणाऱ्या पावलांचा. बापाला हवी होती ती जागा नेमकी ही होती.

मराठीत एक गोड सोय आहे. ‘मुका’ हा शब्द न बोलणाऱ्यालाही लागतो आणि चुंबनालाही. इंग्रजीत ही सोय नाही, तरी या स्वारीला ती ठाऊक असावी असंच ती वागते. रात्री रस्त्यावर गोंधळ माजलेला असताना बफी आणि रायली समोरासमोर येतात. हाताने विचारतात, ठीक आहेस ना? निघायला वळतात. आणि तो परत फिरतो. इतके दिवस शब्दांनी अडवून धरलेला तो मुका, दोघं मुके झाल्यावर घडतो. तिकडे झँडर स्पाइकला झोपलेल्या अन्याजवळ रक्ताळलेल्या तोंडाने वाकलेला पाहतो, तिला यानेच चावलं असं समजून त्याला बडव बडव बडवतो. स्पाइक बिचारा कपातलं रक्त पीत होता. अन्या जागी होते, त्याचा चेहरा बघते, आणि ‘तुला माझ्याबद्दल काय वाटतं’ या प्रश्नाचं उत्तर तिला मिळतं. त्यानंतर ती हाताने जी खूण करते ती इथे लिहिता येणार नाही.

आता टेराकडे.

तिलाही सुचलेलं असतं की गावाचा आवाज परत आणायला एखादा मंत्र करता येईल. मंडळातल्या मुलींमधली विलो तेवढी खरी, हे तिने त्या एका बैठकीत ओळखलेलं असतं. छातीशी पुस्तकं धरून ती रात्री एकटीच विलोच्या वसतिगृहाकडे निघते. वाटेत पडते, पुस्तकं विखुरतात, मान वर करून पाहते तर ते हसरे गृहस्थ तरंगत येत असतात. ती पळत वसतिगृहात शिरते आणि एकेक दार ठोठावू लागते. आत मुलं असतात. त्यांना थापा ऐकू येतात. ती घाबरून दाराकडे बघत राहतात, आणि कुणी दार उघडत नाही. कसं उघडतील? बाहेरची ‘मी आहे, मला वाचवा’ असं म्हणू शकत नाही, आतला ‘कोण आहे’ असं विचारू शकत नाही. हे दृश्य मी जितक्या वेळा पाहिलं तितक्या वेळा मला गृहस्थांपेक्षा त्या बंद दारांचा राग आला, आणि मग त्या आतल्या मुलांची दयाही आली.

शेवटी विलो समोर येते. दोघी धावतात, विलोचा पाय मुरगळतो, कपडे धुण्याच्या खोलीत त्या स्वतःला कोंडून घेतात. दार धक्क्यांनी हलतंय. खोलीत शीतपेयांचं एक भलंमोठं यंत्र आहे. विलो त्याच्याकडे एकटक बघते, सगळा जीव डोळ्यांत आणते. यंत्र थरथरतं, जरासं हलतं, आणि पुन्हा जागच्या जागी बसतं. टेरा हे बघत असते. ती हळूच हात पुढे करते आणि विलोच्या हातात हात देते. बोटांत बोटं गुंततात. दोघी एकमेकींकडे बघतात, मग एकदम मान वळवून यंत्राकडे. ते धूड खोलीभर सरपटत जाऊन दारावर आदळतं आणि दार गच्च बंद होतं.

या घराण्यातले मंत्र एरवी लॅटिनमध्ये असतात, मोठ्याने म्हणायचे, जाडजूड पोथीतून वाचून. इथे मंत्र नाही, पोथी नाही, मुळाक्षरसुद्धा नाही. ज्या मुली ऊर्जेवर तास तास बोलल्या त्यांना यातलं काही येत नव्हतं. जिला एक वाक्य धड पूर्ण करता आलं नाही, तिच्या तळहातात ते होतं. सगळं जग मुकं झालं त्या रात्री टेरा तोतरी राहिली नाही, बाकीच्यांइतकीच झाली. ही स्वारी जिथे सर्वांत प्रेमळ होते ती जागा हीच.

पुढे विलो आणि टेराचं प्रेम जमलं. दोन मुलींचं इतकं दीर्घ, इतकं घरगुती नातं तेव्हाच्या अमेरिकन टीव्हीवर दुर्मीळ होतं. पडद्यावर त्यांचं पहिलं चुंबन दिसायला मात्र फेब्रुवारी २००१ उजाडावा लागला. तोवर त्यांच्या जवळिकीचं काम चेटुकालाच करावं लागलं. मे २००२ मध्ये एका भरकटलेल्या गोळीने टेरा गेली. चाहत्यांनी ते दुःख अजून पचवलेलं नाही. टेराला पाहायचं असलं की ते पुन्हा हशकडे येतात.

शेवटाकडे मनोऱ्यात बफी आणि रायली एकमेकांवर शस्त्र रोखून उभे राहतात. तिच्या हातात धनुष्य, त्याच्या हातात बंदूक, आणि दोघांची थाप एका क्षणात उघडी पडते. कुठलीही तलवार या गृहस्थांना मारू शकत नाही. पूर्वी एका राजकन्येच्या किंकाळीने ते मेले होते, अशी कथा आहे. बफी रायलीला खुणेने सांगते, ती पेटी फोड. तो मोठ्या तत्परतेने शेजारची बरणी फोडतो आणि कौतुकाच्या अपेक्षेने तिच्याकडे बघतो. मला हा क्षण फार आवडतो, कारण मौनाची अडचणही ही स्वारी लपवत नाही. पुन्हा खुणा, मग पेटी फुटते, आवाज घशात परततो आणि बफी किंचाळते. परीकथेतल्या राजकन्येसारखी नव्हे, आठवडाभराचं सगळं दडपलेलं बाहेर काढणाऱ्या पोरीसारखी. गृहस्थांची डोकी फुटतात, आणि हसू तोवर कायम असतं.

दुसऱ्या दिवशी रायली बफीच्या खोलीत येतो. आता बोलायला हवं, असं तो म्हणतो. हो, बोलायला हवं, असं ती म्हणते. दोघं समोरासमोरच्या पलंगांवर बसतात. आवाज परत आलेला आहे. आणि दोघांनाही शब्द सुचत नाही. स्वारी इथेच उठून चालू लागते. निरोप घ्यायची पद्धत तिच्यात नाही.

हिला दोन धाकट्या बहिणी. ‘द बॉडी’, फेब्रुवारी २००१ मधली, जिच्यात बफीची आई जाते आणि सबंध भागात पार्श्वसंगीताचा एक स्वर नाही. विलो-टेराचं ते पहिलं चुंबन याच बहिणीच्या घरात, दुःखात, आपसूक घडतं. दुसरी नोव्हेंबर २००१ ची ‘वन्स मोअर, विथ फीलिंग’, जिच्यात आख्खं गाव गाऊ लागतं आणि गाताना मनातलं सगळं ओकून टाकतं. एकीने बोलणं सोडलं, एकीने संगीत सोडलं, एक गातच सुटली. गुणी तिघी आहेत. मला विचाराल तर थोरलीच्या हाताला जास्त चव आहे.

बापाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय ओळख पुरी होणार नाही. २०२१ मध्ये याच मालिकेतल्या करिश्मा कार्पेंटर या अभिनेत्रीने व्हेडनने आपल्याला अपमानास्पद वागणूक दिली, अधिकाराचा गैरवापर केला, असा जाहीर आरोप केला. टेराची भूमिका करणारी अँबर बेन्सन तिच्या पाठीशी उभी राहिली आणि तो सेट विषारी होता असं तिने जाहीरपणे सांगितलं. हे कळल्यापासून हशमधली ती बंद दारं मला अधिक जड वाटतात. पण ही स्वारी एकट्या बापाची कधीच नव्हती. ती बेन्सनच्या अडखळत्या ओठांची आहे, विलो झालेल्या ॲलिसन हॅनिगनच्या डोळ्यांची आहे, जोन्स आणि टॉयच्या बोटांची आहे, बेकच्या संगीताची आहे. तिच्यावर जीव लावताना मला त्यांची आठवण ठेवावीशी वाटते.

भेटायला जाल तेव्हा एक पथ्य पाळा. आपल्याकडे मालिका कानांनी पाहायची रीत आहे. पोळ्या लाटता लाटता, मेथी निवडता निवडता, अर्धं लक्ष फोनमध्ये ठेवून, आणि कथा तरीही चुकत नाही. हिच्यापुढे ते चालत नाही. नजर हलली की एक खूण हुकते, आणि खुणेबरोबर गोष्टही. इंग्रजी फारसं येत नाही म्हणून मात्र अडू नका. सुरुवातीच्या पाव तासाला सबटायटल लागतील, पुढे त्यांचं काम जवळजवळ संपतं. आधीचे ६५ भाग पाहिलेले नसले तरी बिघडत नाही. बफी आणि रायली एकमेकांपासून काहीतरी लपवताहेत आणि विलो कुणातरी सोबतिणीच्या शोधात आहे, एवढं कळलं की पुरे.

लहान मुलं झोपल्यावर लावा, त्या गृहस्थांचं हसू त्यांना झेपायचं नाही. आणि पाहत असताना दारावर थाप पडली, तर टीव्ही थांबवा आणि आधी दार उघडा.